पांढऱ्या कागदाखालचं नाव

१९७७ सालचा ऑक्टोबर. शनिवारची दुपार, इंग्लंडमधल्या बोल्टनच्या मंडईत पाय ठेवायला जागा नव्हती, आणि डेरेक नावाचा एक आडदांड माणूस आमच्या गाळ्यासमोर उभा राहून आमच्या रेकॉर्डी एकेक करून फोडत होता.

त्याला कसली घाई नव्हती. खोक्यातून रेकॉर्ड उचलायची, पाकिटातून बाहेर काढायची, वरचं नाव मोठ्याने वाचायचं आणि टेबलाच्या कडेवर आपटायची. काही काचेसारख्या फुटत. काही नुसत्या वाकत. वाकली की तो ती मांडीवर घेऊन मोडायचा आणि तुकडे माझ्या हळदीच्या परातीत टाकायचा.

गाळ्याचा डावा भाग माझा होता. तिथे मसाले, डाळी, शेव-फरसाण. उजवा भाग माझा धाकटा दीर विश्राम याचा, तिथे जुन्या अमेरिकन रेकॉर्डी. विश्राम हात मागे बांधून उभा होता आणि आपला माल फुटताना बघत होता. डेरेकचा मालक केनी हॉलरॉइड माझ्या बाजूला कठड्याला टेकून माझीच शेव चिमटीचिमटीने खात होता. चांगला कोट, चांगले बूट, तोंडात कायम लाडिक बोलणं. त्याची स्वतःची एक छोटी रेकॉर्ड कंपनी होती.

"नाव सांग, विश," तो म्हणाला. "एक नाव. मग आम्ही हे सगळं झाडूनही देऊ."

विश्राम म्हणाला, त्या रेकॉर्डीवर नाव लिहिलेलं आहेच की. टोनी डी अँड द लॅम्पलाइटर्स.

हॉलरॉइड हसला. असा कोणी टोनी जगात नव्हता, हे त्यालाही ठाऊक होतं. मग त्याने डेरेककडे नुसतं पाहिलं.

गाळ्यात आत-बाहेर करायला बिजागरीची एक जाड फळी होती. डेरेकने विश्रामचा उजवा हात ओढला, फळीच्या सांध्यात धरला आणि वरून फळी खाली आणली. मी माशांचे काटे मोडताना ऐकले आहेत, नारळ फुटताना ऐकले आहेत. हा आवाज तसा नव्हता. फार लहान आवाज होता. विश्रामने तोंड उघडलं, पण आतून काही आलं नाही. तो हळूच खाली बसला.

"उद्या भेटूच," हॉलरॉइड म्हणाला. माझ्याकडे वळून म्हणाला, "शेव छान आहे, लव्ह. जरा तिखट आहे." आणि दोघं गर्दीत मिसळले. समोर चीज विकणारी बाई एवढा वेळ चीज पुसत होती. मंडईचा पोलीस आला तेव्हा पोरं जमिनीवरचे रेकॉर्डींचे तुकडे खिशात भरत होती.

आता हे सगळं कशासाठी, ते सांगायला हवं.

माझे यजमान रघुवीर आमच्या कोकणातल्या पालशेतहून जहाजावर गेले आणि इंजिनखोलीत कोळसा ओढत जगभर फिरले. अमेरिकेतून परतणाऱ्या जहाजांत भार म्हणून कधीकधी न खपलेल्या रेकॉर्डींची खोकी टाकत. लिव्हरपूलच्या गोदीत ती कोणी फुकट नेली तरी चालत. यजमानांना गाण्याचा षोक, म्हणून ते नेत. पुढे ते बोल्टनच्या ओतशाळेत लागले, मी आले, मग विश्राम आला. १९७४ मध्ये यजमान छातीच्या दुखण्याने गेले आणि घरात मी, विश्राम आणि जिन्याखाली ती खोकी उरलो. पस्तिशीतली विधवा वहिनी आणि पंचविशीतला दीर एका घरात राहतात, म्हणून मँचेस्टरच्या आपल्या मंडळींनी आम्हाला गणपतीला बोलावणं बंद केलं. आम्हीही जाणं बंद केलं.

त्या काळात उत्तर इंग्लंडच्या गिरणी-गावांतल्या पोरांना एक खूळ लागलं होतं. नॉर्दर्न सोल म्हणायचे त्याला. अमेरिकेतल्या काळ्या गायकांची, दहा-बारा वर्षांपूर्वी निघालेली आणि तिथे सपशेल पडलेली गाणी शोधायची आणि त्यांवर बेभान नाचायचं. जे गाणं गाजलं ते नको. जे कुणालाच ठाऊक नाही ते हवं. आठवडाभर मागावर राबलेली पोरं सुटीच्या दिवशी एका गाण्यासाठी तीन गाड्या बदलून जात.

ज्याच्याकडे असं गाणं, तो राजा. म्हणून रेकॉर्ड वाजवणाऱ्यांनी एक रीत पाडली होती. नवं गाणं हाती लागलं की लेबलवर पांढरा कागद डकवायचा आणि त्यावर स्वतःच्या मनाने भलतंच नाव लिहायचं. म्हणजे दुसऱ्या कोणाला गाणारा कोण, गाणं कोणतं, हे कळू नये आणि तो दुसरी प्रत शोधू नये. या रीतीला कुणी लबाडी मानत नसे. सगळेच झाकत आणि सगळेच दुसऱ्याच्या कागदाखाली काय आहे ते शोधत. विश्रामच्या कागदांवरचं काम माझं. त्याला सरळ कातरता येत नसे. मी वाटी ठेवून गोल आखायची आणि मैद्याच्या खळीने चिकटवायची.

त्या वर्षी जिन्याखालच्या खोक्यांत विश्रामला एक रेकॉर्ड मिळाली. गाणारी लुवेनिया बॅस्कम, गाव डेट्रॉइट. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी कांदा चिरत होते. सुरी तशीच हातात राहिली. बाई गात नव्हती, जाब विचारत होती, आणि मागे ढोल असे की जणू कोणी बंद दारावर धक्के मारतंय. विश्रामने ती टोनी डीच्या नावाने रविवारच्या नाचाला लावली आणि आठ दिवसांत सारा लँकशायर ते गाणं कोणाचं म्हणून विचारू लागला.

गाणं परत छापून विकलं तर हजारोंनी खपणार, हे आंधळ्यालाही दिसत होतं. पण छापायला हक्क लागतो, आणि हक्काचा असा गुंता मी जमिनीच्या भाऊबंदकीतही पाहिला नाही. ज्याची मूळ कंपनी, त्याने ती मरण्यापूर्वी तिघांना विकली होती, तिघांनाही पूर्ण. तिघांतला एक तुरुंगात, एक बेपत्ता. तिसरा मेलेल्याचाच भाऊ, तो जुन्या मोटारी विकायचा आणि कोणी पुढे धरेल त्या कागदावर सही करायचा.

विश्रामने लुवेनियालाच शोधून काढलं. ती एका इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरी धूत होती. पोस्टातून ट्रंककॉल लावून तो तिच्याशी बोलला तेव्हा मी त्याच्याशेजारी उभी होते. त्याने सांगितलं की इथे तुमच्या गाण्यावर दर रविवारी शेकडो पोरं नाचतात.  मग तिने विचारलं, "कोण नाचतात? तिथे आमचे लोक आहेत का?" विश्राम म्हणाला, नाही, गोरी पोरं आहेत, गिरणीतली. ती इतकी हसली की मला फोनबाहेर ऐकू आलं.

तिच्या चर्चमधल्या एका वकिलाने तिचा जुना करार वाचला. त्यात एक अट होती. सलग सात वर्षं या गाण्याचा कुठलाही व्यवहार झाला नाही तर गाणं गाणारीचं. शेवटचा व्यवहार १९७० च्या ऑक्टोबरात झाला होता. सात वर्षं येत्या बुधवारी पुरी होत होती. त्याआधी कोणी त्या मोटारवाल्या भावाच्या हातावर एक डॉलर ठेवून सही घेतली, तर अट मेली, आणि लुवेनिया जन्मभर चादरी धुणार.

म्हणून नाव बुधवारपर्यंत झाकायचं होतं. हॉलरॉइडला करार ठाऊक नव्हता. त्याला फक्त एवढं ठाऊक होतं की नाव मिळालं की तासाभरात अमेरिकेत फोन करून कोणाची तरी सही घ्यायची. एरवीही तो तेच करायचा.

शनिवारी इस्पितळातून विश्रामला घेऊन आले. दोन बोटं लाकडी पट्टीत बांधलेली. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात बसून आम्ही काय करायचं ते ठरवलं. पेज ठेवली. तो डाव्या हाताने जेवला. मग मी खळ शिजवली, रेकॉर्डीवरचा जुना कागद काढला आणि नवा चिकटवला. विश्राम म्हणाला, उद्या मी नाचाला जाणार, आणि तू माझ्याबरोबर येणार, कारण मला सुई ठेवता येणार नाही.

मी म्हणाले, "लोक काय म्हणतील?"

"म्हणायचं ते म्हणून झालंय ना, वहिनी."

रविवारी दुपारी आम्ही बसने गेलो. बोल्टनपासून पाऊण तासावर एक जुनं सभागृह होतं. खिडक्यांना काळे पडदे लावून भर दुपारचा अंधार केलेला. दारातच घामाचा आणि टाल्कम पावडरचा वास. जमिनीवर पाय घसरावेत म्हणून पोरं पावडर टाकत. रुंद विजारी, उघडी अंगं, गिरक्या घेता घेता पाठीवर पडत आणि हात न टेकता उठत. दारू नाही. मुलींच्या मागे लागणं नाही. मी नऊवारी सोडून कधीचीच पाचवारीवर आले होते, पण त्या जागी पाचवारीतसुद्धा मीच एकटी. एका पोराने मला वाट करून दिली आणि म्हणाला, "विशची आई का?" मी म्हणाले, वहिनी. त्याला काय कळलं कोण जाणे, त्याने मला खुर्ची आणून दिली.

विश्राम सांगायचा आणि मी सुई ठेवायची. खाच पहिल्याच खेपेला बरोबर सापडली. लुवेनिया लागली तेव्हा सगळ्या सभागृहाने एकदम टाळी दिली आणि जमीन हलली. विश्रामचे डोळे बंद होते. त्याचा बांधलेला हात ठेक्यावर वर-खाली होत होता, आणि प्रत्येक ठेक्याला दुखत असणार हे मला त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

मागच्या दाराशी हॉलरॉइड उभा होता. तोही पायाने ताल धरत होता. त्याला ते गाणं खरंच आवडत होतं, हे मी नाकारणार नाही.

विश्रामची पाळी संपली. आम्ही खोकं घेऊन मागच्या जिन्याने उतरलो. जिन्याच्या तळाशी डेरेक आणि आणखी एक जण होता, त्याचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांनी विश्रामला शेवटच्या चार पायऱ्या उतरूच दिल्या नाहीत. वरूनच ओढलं. तो तोंडावर पडला. दोघांनी त्याच्या बगलेत हात घातले आणि त्याला फरपटत चहाच्या खोलीत नेलं. माझ्या दंडाला हॉलरॉइडने धरलं होतं, अगदी हळू, रस्ता ओलांडताना म्हातारीला धरतात तसं.

चहाची खोली म्हणजे सभागृहाचं स्वयंपाकघर. मोठं बेसिन, गॅसवर भली मोठी किटली, कपांचा ढीग. चहा करणाऱ्या बायकांना कोणीतरी बाहेर काढलं होतं. वरून ढोलाचे धक्के ऐकू येत होते आणि त्यांनी कपबशा किणकिणत होत्या.

त्यांनी विश्रामला जमिनीवर टाकलं आणि लाथा मारायला सुरुवात केली. डेरेकच्या बुटाच्या पुढच्या टोकात पोलाद होतं, गिरणीतले बूट. पहिली बरगडीत. दुसरी पोटात. तिसरी तोंडावर, आणि जबड्याच्या हाडाचा आवाज मी ऐकला. रक्ताबरोबर एक दात फरशीवर आला. हॉलरॉइड तोवर खोकं चाळत होता. त्याला रेकॉर्ड सापडली. त्याने ती उजेडात धरली.

"कागद किती सुबक कातरलाय," तो म्हणाला. "हे विशचं काम नाही. हे तुझं काम आहे ना, लव्ह?"

त्याने कागदाची कड नखाने चाचपली.

"ओढून काढला तर खालचं लेबल फाटेल. भिजवला तर शाई जाईल. तूच काढ. किटली तयारच आहे."

मी मान हलवली. नाही.

हॉलरॉइडने डेरेकला खूण केली. डेरेकने विश्रामचा पट्टीतला हात फरशीवर सरळ केला आणि त्यावर बूट ठेवला. मग सगळा भार दिला.

विश्राम ओरडला. मोडक्या जबड्याने शब्द नीट येत नव्हते, पण मला कळले. "वहिनी, काढून दे," तो ओरडला. "दे त्याला. सांगून टाक."

मी म्हणाले, "मी काढणार नाही."

डेरेक म्हणाला, ही पाकी बाई विशपेक्षा कडक आहे; आमच्यासारख्या सगळ्यांनाच ते शिवीसारखं पाकी म्हणत. त्याने टाच फिरवली, विडी विझवताना फिरवतात तशी. विश्राम पुन्हा ओरडला. तेच शब्द. मग पुन्हा. मग शब्द राहिले नाहीत, नुसता आवाज राहिला. वरचं गाणं संपलं, दुसरं सुरू झालं. मी किटलीकडे बघत होते. झाकण उडत होतं.

हॉलरॉइड वैतागला. त्याला तो आवाज आवडत नव्हता. तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "बाई, तो तुझ्या घरचा माणूस आहे ना? एका रेकॉर्डीसाठी?"

तेव्हा मी हात पुढे केला.

किटलीच्या तोंडाशी मी रेकॉर्ड तिरपी धरली. फार जवळ नेली तर रेकॉर्ड वितळते, लांब धरली तर खळ सुटत नाही. तिघेही बघत होते. डेरेकनेसुद्धा बूट उचलला. कागदाची कड फुगली, मी नखाने ती उचलली आणि कागद सालीसारखा सोलून काढला. खाली निळं लेबल, चंदेरी अक्षरं. उलटून दुसऱ्या बाजूचंही काढलं. हॉलरॉइडने रुमालात रेकॉर्ड घेतली. त्याने आधी लेबल वाचलं नाही. जाणकार माणूस, त्याने लेबलाजवळची मोकळी जागा बघितली, जिथे छापखान्याचा नंबर कोरलेला असतो. नंबर दाभणाने खरवडून टाकलेला होता.

"हुशार आहे हरामखोर," तो कौतुकाने म्हणाला. मग त्याने लेबल वाचलं. ओठ हलवत, दोनदा. शिकागोची एक कंपनी, एका बाईचं नाव. त्याचा चेहरा लहान पोरासारखा झाला. त्याने रेकॉर्ड कोटात घातली, मला "आभारी आहे" म्हणाला आणि बाहेर पडला. दुसरा माणूस त्याच्यामागे गेला.

डेरेक राहिला. त्याचं काम झालं होतं, तरी त्याने जाता जाता विश्रामच्या डोक्यात आणखी एक लाथ घातली. कशासाठीही नाही. दार लावावं तशी.

मी दोन्ही हातांनी किटली उचलली आणि त्याच्या मानेवर ओतली. सगळी. तो वळला तेव्हा उरलेलं गालावर गेलं. माणूस असा ओरडू शकतो हे मला ठाऊक नव्हतं. तो कपांच्या ढिगावर पडला, उठला, भिंतीवर आपटला आणि दार सापडेपर्यंत तीनदा चुकला. माझ्याही तळहातांची सालं गेली. किटली ओतणं काही आमच्या बेतात नव्हतं.

बाकी सगळं बेतात होतं.

आदल्या संध्याकाळी विश्रामने हिशेब मांडला होता. बुधवारपर्यंत आपण नुसतं गप्प राहिलो तर हॉलरॉइड थांबणार नाही. डेट्रॉइटमध्ये त्याचे दोन ओळखीचे आहेत, तो त्यांना फोनवर गाणं गुणगुणून दाखवील, आणि त्यांतला कोणीतरी सोमवार-मंगळवारी ओळखेल. त्याचं शोधणंच थांबायला हवं. म्हणजे त्याला नाव मिळायला हवं, पण दुसरं.

काही अमेरिकन रेकॉर्डींवर लेबल नुसतं डिंकाने लावलेलं असतं. विश्रामने रद्दीतून तशी एक काढली. लुवेनिया गाण्यात कोणाला तरी घरी ये म्हणते. अमेरिकेत दर दुसऱ्या गाण्यात कोणी ना कोणी कोणाला तरी घरी बोलावत असतं, त्यामुळे जुळणारं नाव मिळायला वेळ लागला नाही. मी ती लेबलं वाफेवर सोडवली आणि लुवेनियाच्या लेबलांवर सायकलच्या पंक्चरच्या सोल्यूशनने बसवली. त्यावर पांढरा कागद, तो मात्र खळीने. खळ वाफेला सुटते, सोल्यूशन सुटत नाही. नंबर विश्रामने डाव्या हाताने खरवडला. या धंद्यातल्या माणसाला पांढरा कागद दिसला की त्याखाली खरं नाव असणार याची देवासारखी खात्री असते. कागदाखाली पुन्हा झाकण असेल, हे हॉलरॉइडच्या स्वप्नातही येणार नव्हतं.

"फक्त एक," विश्राम म्हणाला होता. "लगेच देऊ नकोस. लगेच दिलंस तर त्याला वास येईल. ते मला मारतील. मी ओरडेन, इंग्रजीत, त्यांना कळेल असं, की दे म्हणून. तू लक्ष देऊ नकोस. त्याला वाटलं पाहिजे की आता हिच्यात काही उरलं नाही."

किती वेळ थांबायचं, हे आम्ही ठरवलं नव्हतं.

डेरेक पळाल्यावर मी विश्रामजवळ फरशीवर बसले. पदराने त्याचं तोंड पुसलं. त्याचा एक डोळा मिटला होता. दुसऱ्याने तो दाराकडे बघत होता. मी म्हणाले, "गेला घेऊन." त्याच्या घशातून घरघर आली. मी ते हसणं समजले.

सोमवारी हॉलरॉइडने शिकागोच्या कंपनीची सही घेतली. बुधवार आला आणि गेला. गुरुवारी पोस्टातून मी फोन लावला, तेव्हा लुवेनियाचा वकील म्हणाला की गाणं तिचं झालं. विश्रामचा जबडा तारेने बांधलेला होता, त्याला बोलता येत नव्हतं. मी इस्पितळात जाऊन त्याच्या कानात सांगितलं.

महिन्याभरात हॉलरॉइडची छापील रेकॉर्ड दुकानांत आली, भलत्याच बाईच्या नावाने. शिकागोवाल्यांनी ती ऐकली आणि कळवलं की हे आमचं गाणं नाही. लुवेनियाच्या वकिलाची नोटीस आली आणि दुकानांनी माल परत केला. हॉलरॉइडचं भांडवल मँचेस्टरच्या एका जुगाराच्या यंत्रवाल्याचं होतं, आणि तो माणूस नोटिसा पाठवण्यातला नव्हता. नाताळाच्या आधी कुत्र्यांच्या शर्यतीच्या मैदानामागे हॉलरॉइड सापडला. दोन्ही गुडघे हातोडीने फोडलेले. ही बातमी मला चीजवाल्या बाईने सांगितली, आवाज खाली आणून. मी तिच्याकडून पाव पौंड चीज घेतलं.

हॉलरॉइड पुढे काठ्यांवर चालायचा. ब्लॅकपूलला बहिणीकडे राहून तो टपालाने रेकॉर्डी विकत असे, आणि त्याच्याकडचा माल चांगला असायचा असं म्हणतात. १९९० च्या सुमारास गेला. डेरेकने पोलिसांत माझं नाव घेतलं नाही, बाईने भाजलं हे सांगायची त्याला लाज वाटली असावी. पुढे तो पोहण्याच्या तलावावर चौकीदार होता. मानेपासून गालापर्यंत कातडी चकाकायची. मला पाहिलं की तो रस्ता ओलांडायचा. त्यांच्या तिसऱ्या साथीदाराचं काय झालं, मला माहीत नाही.

लुवेनियाने धोबीखाना सोडला. गाणं विश्रामनेच छापलं, तिच्या खऱ्या नावाने, आणि ते त्या हिवाळ्यात घराघरांत वाजलं. १९७९ मध्ये ती आली. साठीला टेकलेली, जाडजूड, हातांची कातडी सोड्याने कायमची पांढरी पडलेली. त्याच सभागृहात गायली, आणि पोरांना गाणं तिच्यापेक्षा जास्त पाठ होतं. माझ्याकडे आठवडाभर राहिली. कुळथाचं पिठलं तिला इतकं आवडलं की जाताना पीठ बांधून नेलं. १९९६ मध्ये ती वारली.

विश्रामची दोन बोटं पुन्हा वळली नाहीत. जबडा थोडा डावीकडे राहिला, त्यामुळे तो नेहमी गालात हसतोय असं वाटायचं. त्याने पुढे बरीच गाणी छापली, सगळी गाणाऱ्यांना विचारून, आणि म्हणून फारसा श्रीमंत झाला नाही. मॉरीन नावाच्या परिचारिकेशी त्याने लग्न केलं. तिने त्या वेळी त्याच्या जबड्याच्या तारा कापल्या होत्या. लोकांना गोष्ट सांगताना तो म्हणायचा, आमची वहिनी अशी आहे की आणखी अर्धा तास थांबली असती. सगळे हसत. मीही हसायची.

२००९ मध्ये तो आजारी पडला, भावासारखाच, छातीने. शेवटच्या आठवड्यात एका सकाळी मॉरीन चहा आणायला गेली होती आणि खोलीत आम्ही दोघंच होतो.

"वहिनी," तो म्हणाला, "त्या दिवशी इंग्रजीत ओरडायचं ठरलं होतं."

मी हो म्हणाले.

"पहिल्यापासून मी मराठीतच ओरडत होतो. मी खरंच सांगत होतो. सगळं सांगून टाक, लुवेनियाचं नाव सांग, काय हवं ते सांग. मला नको होतं काही. तुला कळलं होतं?"

खिडकीबाहेर कोणीतरी गाडी सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. मी खोटं बोलू शकले असते.

"कळलं होतं," मी म्हणाले. "त्या खोलीत मराठी कळणारं दुसरं होतं तरी कोण?"

 मग त्याने वाकडी बोटं माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाला, उशी जरा वर घे. मी उशी वर घेतली. मॉरीन चहा घेऊन आली. तिने विचारलं काय बोलत होतात, तर तो म्हणाला, घरचं.